तारप्याचा सूर आणि वारल्यांची भूमी

श्रमाला विसावा हवा आणि विसाव्याला सूर हवा, ही मानवी मनाची जुनी भूक होय. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत भातकापणी आटोपली की भोपळा, बांबू व मेण यांचा घडविलेला तारपा घुमू लागतो. मध्यभागी वादक, भोवती हात गुंफलेल्या नर्तकांचे वलय. तेच वलय तांदळाच्या पिठाने गेरूच्या कुडावर उमटते. वाद्य, रंग आणि भिंत हे सारे भूमीचेच दान.

परंतु ती भूमी मात्र वारल्यांच्या हातची गेली होती. जमीनदार-सावकार धनी झाले आणि मूळचे कसणारे वेठबिगार. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी कित्येक दांपत्ये 'लग्नगडी' म्हणून धन्याकडे राबत. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने या वेठीविरुद्ध लढा उभारला. त्या ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसे पडली. तरी वारली मागे हटले नाहीत.

पुढे १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि जगभर गेली. शहरातील दिवाणखान्यात ते वलय पाहून नेत्र निवतात. मात्र नाचणाऱ्यांच्या पायांखाली स्वतःची जमीन असावी, यासाठी केवढे मोल द्यावे लागले, याचे स्मरण त्या चित्राबरोबरच राहावयास हवे.