उकिरड्यापासून गांडूळखतापर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा भगिनींचा आग्रह झाला. थोरामोठ्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी आपल्या स्वयंपाकघरातील केराचा इतिहास सांगावयाचे ठरविले.

आपले पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. त्यापूर्वी घरोघरी उकिरडा असे. शेण, राख, भाजीची देठे त्यात पडत आणि उन्हाळ्यात ते खत गाडीने शेतात जाई. "घरातलं वावरात जायचं, गावाबाहेर नाही," असे सासूबाई सांगत. पुढे शेतांवर इमारती उठल्या, उकिरडे बुजले आणि केर घंटागाडीतून मोशीच्या डेपोकडे निघाला.

मग तसाच डेपो पुनावळ्यात व्हावयाचा होता. रहिवाशांनी कसून विरोध केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. आपण पेढे वाटले. परंतु त्याच रात्री केराची बादली बाहेर ठेवताना मनात आले, आपल्या दारी नको असलेला केर मोशीकरांच्या दारी तरी का जावा?

या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. गांडुळे पालापाचोळा खाऊन सुपीक माती घडवितात, हे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ सालच्या ग्रंथात दाखविले. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा व शेण यांचे थर रचून, ते वेळोवेळी परतून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. तिच्यावरील १९३१ सालच्या ग्रंथावर यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव आहे. डार्विन यांचा ग्रंथ १९४५ साली पुन्हा निघाला, तेव्हा प्रस्तावना हॉवर्ड यांनीच लिहिली. आपल्या सरकारच्या २००० सालच्या घनकचरा नियमांतही गांडूळखताचा उल्लेख आला.

माझा पहिला प्रयत्न मात्र फसला. टोपलीत मी उरलेली आमटी व लोणच्याचा खार ओतला आणि गांडुळे मेली. चूक सर्वस्वी माझी. आता तळाला भोके असलेल्या टोपलीत नारळाच्या शेंड्या, त्यावर जुने शेण व सुका पाला घालते. खोल बिळे करणारी शेतातील गांडुळे येथे टिकत नाहीत. वरच्या थरात राहणारी तांबडी लागतात. भाज्यांची देठे व फळांच्या साली बारीक चिरून थोड्या थोड्या घालाव्या. मीठ, तेल, लिंबाच्या साली टाळाव्या. वर ओले गोणपाट आणि सावली हवी. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळे खत होते. त्याचा ढीग उजेडात ठेवला की गांडुळे तळाशी जातात. वरचे खत अलगद काढून घ्यावे.

माझी तुळस व मोगरा त्यावर पोसले आहेत. ज्या भगिनींस हे करून पाहावयाचे असेल, त्यांनी एक डबा घेऊन यावे. मूठभर गांडुळे आनंदाने देईन. तेवढा केर तरी मोशीच्या वाटेला जाणार नाही.