यंत्र नवें, नोंद जुनी

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोरेगांव-भीमा मागें पडलें कीं थोड्याच वेळांत शिक्रापूर लागतें. चाकणकडून येणारा रस्ता येथेंच मिळतो. एके काळीं ज्वारी-बाजरीच्या शेतांमधून जाणाऱ्या या रस्त्यांच्या कडेस आज कारखाने, गोदामें आणि घरांच्या वसाहती उभ्या आहेत. शेत विकलें गेलें, भावाभावांत वांटणी झाली, वडील वारले व मुलांचीं नांवें लागलीं. अशी प्रत्येक घडामोड गांव नमुना सहामध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, चढते आणि तेथून सातबाऱ्यावर उतरते. नमुना सात जमिनीवरील हक्क सांगतो, नमुना बारा त्यांतील पीक. नोकरीनिमित्त शहरांत स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांच्या हातीं गांवाचा एवढाच धागा उरलेला असतो.

ही नोंद आतां बस्त्यांत नसून संगणकांत आहे. आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो संगणक व त्यावर चालणारी प्रणाली हीं दोन्ही बदललीं. यंत्र बदलतांना आंतील नोंद जशीच्या तशी राहिली कीं नाहीं, हें पाहावयाचें कोणी आणि कसें?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांच्या आंतच कंपनी सरकारच्या रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्याच्या जमिनीची मोजणी व प्रतवारी हातीं घेतली. उत्पन्नांतून खर्च वजा जातां उरेल त्यावर आकार बसवावा, असा त्याचा सिद्धान्त होता. सिद्धान्त नवा होता, परंतु त्याखालीं भरलेली माहिती सदोष निघाली. आकार जड झाला आणि इंदापूर तालुक्यांत शेतें ओस पडूं लागलीं. इ. स. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तें काम पुन्हां हातीं घेतलें. त्यांनीं जुनें दप्तर सरसकट फेंकून दिलें नाहीं. मोजणी पडताळून पाहिली. जी कसोटीस उतरली ती ठेवली, आणि प्रतवारी व दर मात्र नव्यानें बसविले. इ. स. १८३६ मध्यें तेथें तीस वर्षांची जमाबंदी सुरू झाली. पुढें हीच पद्धत मुंबई इलाख्यांत पसरली. काय टाकावें आणि काय राखावें, हें पडताळणीनंतरच ठरवावें, हा तिचा पहिला धडा होय.

दुसरा धडा लिपीनें दिला. इ. स. १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीची पद्धत आली. गांवकामगारांच्या हातीं त्या काळीं मोडी लिपी होती. पुढें कारभार बाळबोध लिपींत आला, शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत ती वाचणारे विरळ झाले. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाहीं. इ. स. २०२३ मध्यें राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां तालुक्या-तालुक्यांत मोडीचे जाणकार शोधावे लागले. माहिती जपणें म्हणजे केवळ वस्तु जपणें नव्हे. ती वाचण्याची किल्लीही जपावी लागते.

संगणकांतही नेमकें हेंच घडलें. या शतकाच्या आरंभीं तालुक्याच्या कचेऱ्यांतून संगणकावरील सातबारा मिळूं लागला. त्या काळीं मराठी लिहिण्यास जे टंक प्रचलित होते, त्यांतील बहुतेकांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक यंत्रांत असेल तोंवर सर्व ठीक. यंत्र बदललें आणि टंक सोबत आला नाहीं, कीं पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटे. शिवाय प्रत्येक टंकाचा संकेत निराळा. भारतीय लिप्यांसाठीं इ. स. १९९१ मध्यें प्रमाण संकेत ठरला होता. त्या कामांत, इ. स. १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वांटा होता. त्याच वर्षीं जगांतील लिप्यांसाठीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्यांत 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे, आणि तो कोणत्याही यंत्रावर तोच राहतो. जुन्या टंकांतील मजकूर या संकेतांत आणतांना एखादा रफार वा जोडाक्षर निसटलें, तर मालकाचें आडनांवच बदलून जातें.

अंकांचीही तीच गत. चाळीस गुंठ्यांचा एकर. दशमान पद्धतींत तो ४०.४७ आर होतो. तीन भावांच्या हिश्शांचे अपूर्णांक वेगवेगळे तोडले, तर त्यांची बेरीज मूळ क्षेत्राशीं जुळेलच असें नाहीं. कागदावर एक आर म्हणजे केवळ एक आंकडा; पण रस्त्याकडेच्या जमिनींत तो घराएवढा तुकडा असतो.

म्हणून ई-फेरफार या नव्या प्रणालींत माहिती आणतांना ती केवळ ओतून भागलें नाहीं. हस्तलिखित सातबारा व संगणकांतील सातबारा समोरासमोर ठेवून तपासावे लागले. क्षेत्राची बेरीज आकारबंदाशीं ताडून पाहावी लागली. लेखनप्रमादांची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खालीं करण्यांत आली. या खटाटोपांतील सर्वांत जुनें साधनच सर्वांत उपयोगी ठरलें. इ. स. २०१७ मध्यें राज्यांत चावडीवाचनाची विशेष मोहीम झाली. चावडीवर नोंदी मोठ्यानें वाचावयाच्या, आणि ज्याचें नांव गळलें वा चुकलें त्यानें तेथेंच हरकत घ्यावयाची. यंत्रास बेरीज कळते. परंतु थोरल्या बहिणीचें नांव राहून गेलें आहे, हें घरच्या माणसासच कळतें. इ. स. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. त्या स्वाक्षरीच्या मागें पडताळणीची ही सारी मेहनत उभी आहे.

घरोघरच्या जुन्या संगणकासही हाच न्याय लागू आहे. नवें यंत्र आणण्यापूर्वीं आंतील हिशेब, पत्रें व छायाचित्रें यांची एक प्रत निराळ्या तबकडीवर काढावी. जुन्या टंकांतील मराठी मजकूर, तो टंक हातीं आहे तोंवरच, युनिकोडमध्यें आणावा. नव्या यंत्रावर नुसतीं फाइलींचीं नांवें पाहून समाधान मानूं नये; कांहीं फाइली प्रत्यक्ष उघडून, जुन्याशीं ताडून पाहाव्यात. आणि ही रुजुवात पुरी होईपर्यंत जुनी तबकडी पुसूं नये.

शिक्रापूरच्या रस्त्याकडेचें शेत उद्यां कोणाच्या नांवें असेल तें असो. त्याची नोंद दगडाच्या हद्दखुणेवरून कागदावर, कागदावरून यंत्रांत आणि एका यंत्रांतून दुसऱ्यांत गेली. प्रत्येक वेळीं ती टिकली ती नव्या साधनाच्या सामर्थ्यानें नव्हे. जुनें व नवें शेजारीं ठेवून ओळीवर बोट फिरविणारा कोणी तरी होता, म्हणून टिकली.