ड्युप्लेक्स पोलाद : खरी कसोटी जोडाची

क्लोराइडयुक्त गरम पाण्यात ३०४ किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही ताणाखाली तडे जातात आणि नळी अवचित फुटते. रासायनिक कारखाने व खारे पाणी गोडे करणारे प्रकल्प म्हणूनच ड्युप्लेक्स पोलादाकडे वळले. स्वीडनमध्ये १९३०च्या सुमारास प्रथम तयार झालेल्या या पोलादात फेराइट आणि ऑस्टेनाइट जवळपास निम्मे-निम्मे असतात. २२०५ या सर्वाधिक प्रचलित प्रतीत सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल व ३ टक्के मॉलिब्डेनम असते. बळ ३१६च्या जवळपास दुप्पट.

हा समतोल बिघडतो तो वेल्डिंगमध्ये. जोड फार लवकर थंड झाला, तर फेराइट वाढते. ७०० ते ९५० अंश सेल्सिअसदरम्यान रेंगाळला, तर सिग्मा ही ठिसूळ अवस्था निर्माण होते. म्हणून सुमारे ९ टक्के निकेलची २२०९ सळई वापरतात आणि पुढचा थर देण्यापूर्वी जोड १५० अंशांखाली येऊ देतात. घाईच्या कामात नेमका हाच वेळ वाचवला जातो. जोडालगतचा निळसर-तपकिरी डागही वरवरचा समजून सोडून देतात. वास्तविक गंज तेथूनच शिरतो. सतत ३०० अंशांपुढे चालणाऱ्या यंत्रणेसाठी मात्र हे पोलाद निवडू नये.