व्हँकुव्हरची ‘एम्प्रेस’, मुंबईची ‘लॉयल्टी’

उन्हाळ्यात व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसवरून अलास्काला जाणाऱ्या क्रूझच्या वेळापत्रकात एखादा दिवस असा असतो, की त्या दिवशी बोट कुठल्याच बंदराला लागत नाही. सकाळचा चहा डेकवर, मग पुस्तक, दुपारी पत्ते, आणि मध्येच कुणीतरी देवमासा दिसल्याची आरोळी ठोकतं. भारतातून आलेल्या आईवडिलांना सगळ्या सफरीत हाच दिवस आवडतो, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. या बंदराला हा निवांतपणा नवा नाही. १८९१ साली तो इथे ज्या बोटीने आणला, ती पुढे मुंबईची झाली.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे १८८७ मध्ये व्हँकुव्हरपर्यंत पोहोचली. पुढे आशियापर्यंत आपल्याच बोटी असाव्यात म्हणून कंपनीने तीन ‘एम्प्रेस’ बांधून घेतल्या. पहिली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पांढरीशुभ्र, दोन धुरांड्यांची, ५,९०५ टनांची. इंग्लंडहून सुएझ, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत एप्रिल १८९१ मध्ये ती व्हँकुव्हरला आली. या पहिल्याच खेपेला कंपनीने पृथ्वीप्रदक्षिणेची तिकिटं विकली होती. इथवर बोटीने, मग आगगाडीने कॅनडा ओलांडायचा आणि अटलांटिकवरून घरी जायचं. आज ज्याला आपण क्रूझ म्हणतो, त्याचीच ही सुरुवातीची आवृत्ती.

नंतर ती हाँगकाँग-व्हँकुव्हर मार्गावर टपाल आणि प्रवासी नेऊ लागली. तिच्यात पहिल्या वर्गाच्या जागा १२०, दुसऱ्या वर्गाच्या ५०, आणि खाली सर्वांत स्वस्त वर्गात ६०० माणसांची सोय होती. वर डेकवर आरामखुर्च्या होत्या. खाली बव्हंशी चिनी मजूर होते आणि कॅनडात उतरताना त्यांना डोईपट्टी भरावी लागे. १८८५ मध्ये ती ५० डॉलर होती, १९०३ पर्यंत ५०० झाली.

याच बोटीवर जुलै १८९३ मध्ये एक तरुण संन्यासी चढला. स्वामी विवेकानंद ३१ मेला मुंबईहून निघाले होते. चीन-जपान पाहून १४ जुलैला योकोहामाला ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’त बसले. पुरेसे गरम कपडे नसल्याने उत्तर पॅसिफिकच्या थंडीने त्यांचे हाल झाले. बोटीवर जमशेटजी टाटाही होते. पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली की एक तारीख दोनदा येते, म्हणजे कॅलेंडरने या दोघांना आणखी एक मोकळा दिवस दिला. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, संशोधन संस्थेच्या योजनेसाठी साथ मागताना टाटांनी विवेकानंदांना पत्र लिहिलं आणि त्यात या सहप्रवासाची आठवण काढली. ती संस्था म्हणजे बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. २५ जुलैला विवेकानंद व्हँकुव्हरला उतरले आणि आगगाडीने पुढे गेले. हिंदी माणसाला अडवणारा कायदा तेव्हा इथे नव्हता.

तो आला १९०८ मध्ये. जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, एकाच तिकिटावर, प्रवास न मोडता आलेल्यालाच उतरू द्यायचं, असा नियम निघाला. त्यात भारताचं नाव नव्हतं. पण भारतातून तसं येणं अशक्य करून टाकलं होतं, कारण थेट तिकीट विकू नये असं कॅनेडियन पॅसिफिकलाच सांगण्यात आलं होतं. विवेकानंदांसारखा वाटेत देश पाहत येणारा प्रवासी आता बेकायदा ठरला असता.

२३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन याच खाडीत आली. त्यातले बहुतेक शीख होते. आधीपासून कॅनडात राहणारे वीसेक जण सोडले तर कुणालाही उतरू दिलं नाही. बोट दोन महिने नांगर टाकून उभी होती. करण्यासारखं काही नाही, किनारा डोळ्यांसमोर आणि अन्नपाण्याची टंचाई. २३ जुलैला ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या पहाऱ्यात तिला परत पाठवलं. सप्टेंबरमध्ये कोलकात्याजवळ बजबज इथे पोलिसांच्या गोळीबारात तिच्यातले सुमारे वीस प्रवासी मेले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकली गेली. घेणारे होते ग्वाल्हेरचे महाराज शिंदे. महायुद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांसाठी त्यांनी तिचं रुग्णालय-जहाज केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सहकाऱ्यांसह ती विकत घेतली. शिंद्यांची बोट, म्हणून कंपनी सिंदिया. ५ एप्रिल १९१९ रोजी हिंदी मालकीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावरचं ते धाडस होतं. बोट तीस वर्षांची झाली होती आणि १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. पण १९६४ पासून भारत ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

कॅनडाने १९०८ चा नियम १९४७ मध्ये काढून टाकला आणि मे २०१६ मध्ये संसदेत माफी मागितली. आता बंदराचे कायदे उलट्या बाजूने आपली सोय करतात. परदेशी बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात थेट प्रवासी नेऊ नयेत, असा अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे. म्हणून अलास्काच्या बहुतेक क्रूझ व्हँकुव्हरहून सुटतात किंवा व्हिक्टोरियाला थांबतात. एका काळी वाटेत थांबणं हा गुन्हा होता, आता थांबल्याशिवाय भागत नाही.

बोटीवरचा रिकामा दिवस सुखाचा वाटतो, कारण पुढचं बंदर आपल्याला उतरू देणार याची आपल्याला खात्री असते. ‘कोमागाटा मारू’वर रिकामे दिवस पुष्कळ होते, ही खात्री मात्र नव्हती. तिचं स्मारक कोल हार्बरला, कॅनडा प्लेसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्रूझच्या दिवशी सामान लवकर जमा झालं, तर तेवढा वेळ सहज मिळतो.