देव्हाऱ्यातली शिवराई आणि फोनवरचे तीन लाख

परवा दुपारी आमच्या आळीतल्या एक काकू फडक्याची पुरचुंडी आणि मोबाईल घेऊन घरी आल्या. "अरे, तू पेपरात लिहितोस ना, हे जरा बघ. तीन लाख देतो म्हणतोय." पुरचुंडीत तांब्याचं एक जाडजूड, वेडंवाकडं नाणं. फोनवर कुणीतरी त्याचा फोटो मागवून तीन लाख भाव दिलेला, सोबत रिझर्व्ह बँकेचं चिन्ह छापलेलं पत्र, आणि आधी 'नोंदणी फी' म्हणून अडीच हजार भरा असा निरोप. भरले का, विचारलं. म्हणाल्या, "नाही रे, पेन्शन उद्या जमा होणार." पेन्शन एक दिवस उशिरा आली म्हणून पैसे वाचले म्हणायचे!

मंडळी, आधी कामाचं. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांचा व्यवहार करत नाही, त्यासाठी फीसुद्धा घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच तसा जाहीर इशारा दिलाय. तरीही हे फोन थांबलेले नाहीत.

आता नाण्याबद्दल. काकूंचं नाणं खरं होतं, ती शिवराईच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. आजूबाजूच्या नाण्यांवर फारसी अक्षरं असताना यावर देवनागरी. होन आज अतिशय दुर्मिळ आहे, शिवराई मात्र घरोघर सापडते. कारण ती महाराजांनंतरही पाडली जात राहिली, पेशवाईतही, आणि १८१८ ला पेशवाई बुडाली तरी बाजारातून लगेच गेली नाही. काकूंच्या नाण्यावर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधे दोन आडव्या रेघा होत्या. तिला संग्राहक 'दुदांडी' म्हणतात, ती उशिराची, पेशवाईच्या काळातली. म्हणजे "खुद्द महाराजांच्या हातची" हा फोनवरच्या माणसाचा दावाही खोटाच. साध्या शिवराईला आज काही शे रुपये मिळतात, लाख नाही.

ठसे बनवणारे अनेक, त्यामुळे अक्षरंही तऱ्हेतऱ्हेची. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे वेलांटी ऱ्हस्व, कुठे दीर्घ. शुद्धलेखन चुकलं म्हणजे नाणं खोटं, असं समजू नका. उलट फार गोल, फार गुळगुळीत आणि अक्षरं एकदम टापटीप दिसली तर जरा थांबा. जत्रेत आणि जयंतीच्या स्टॉलवर मिळणारे पिवळेधमक 'होन' असेच असतात. आठवण म्हणून घ्यायला हरकत नाही, पण भाव आठवणीचाच द्या.

मला या विषयातली सर्वात आवडती गोष्ट सोन्याची नाहीच. राज्याभिषेकाला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी अशी की आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं. महाराजांच्या उत्तराचा मतितार्थ असा, की ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्ती मी करणार नाही; तुमचं नाणं मुघलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनाला पुरं असेल तर माझी मनाई नाही. ३५० वर्षांपूर्वी राजा बाजाराचं इतकं रोखठोक बोलतोय! बत्तीस मणांच्या सिंहासनाची गोष्ट सभासद बखरीत आहे आणि ती आपण सगळे सांगतो. ही फार कुणी सांगत नाही.

तेव्हा नाणं चालायचं ते धातूवर आणि वजनावर. म्हणून पुढे मराठ्यांनी चांदीचे रुपये पाडले, त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं राहिलं. अंकुशी घ्या, चांदवडी घ्या. यात कमीपणा नव्हता, बाजारात त्याच ठशावर विश्वास होता. दूरच्या किंवा झिजलेल्या नाण्यावर सराफ जी कसर कापायचा तो 'बट्टा', आणि आजही आपल्या नावाला बट्टा लागतो. नाणी पारखायचा तो पोतदार. आपल्या गावात पोतदार आडनावाची घरं आहेत, त्यांनी हे नातवंडांना जरूर सांगावं.

एक गोष्ट मात्र खटकते. नांगरताना किंवा पाया खणताना मडकं लागलं की ते रातोरात सराफाच्या भट्टीत जातं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. सरकार सगळं फुकट घेऊन जाईल ही भीती खरी नाही; कायद्यात सापडणाऱ्याचाही हक्क आहे आणि सरकारने ठेवून घेतलं तर मोबदलाही. लपवलं तर मात्र गुन्हा. आणि वितळल्यावर नाणी कुठल्या काळातली, किती, कुणाच्या टांकसाळीतली, हे कायमचं पुसलं जातं. सोनं उरतं, माहिती जाते.

काकूंना एवढंच सांगितलं की दर अमावास्येला शिवराई चिंचेने घासू नका, अक्षरं जातात. त्या म्हणाल्या, "अरे, देवाचं पाणी मग काळ्या नाण्यात ठेवू का?" शेवटी तडजोड झाली. फोटो काढून ठेवला, वजन केलं, आणि नाणं कोरड्या कपड्याने पुसून पुन्हा देव्हाऱ्यात गेलं. तो फोनवाला अजून रोज मिस्ड कॉल देतोय.