शब्दवेध : माशी

संस्कृत ‘मक्षिका’ प्राकृतात ‘मच्छिआ’ झाली आणि मराठीत ‘माशी’ होऊन बसली. हिंदीने याच ‘क्ष’चा ‘ख’ केला, म्हणून तिथे ‘मक्खी’. ‘क्षेत्र’ शब्दाचेही तेच: आपले शेत, त्यांचे खेत.

परभणीच्या कपाशीच्या शेतात मात्र हा शब्द चकवतो. तिथली ‘पांढरी माशी’ माशी नव्हेच! कीटकांना पाय सहा, शरीराचे भाग तीन: डोके, वक्ष, उदर. गट ओळखायचा तर पंख आणि तोंड पाहावे. खऱ्या माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या इवल्या गुंड्या उरलेल्या असतात. पांढऱ्या माशीला मेणचट भुकटीने माखलेले चार पंख असतात आणि सोंडेने ती पानातला रस शोषते. म्हणजे ती मावा-तुडतुड्यांची भाऊबंद. मधमाशीही चार पंखांची, मुंगीच्या गोतातली.

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हे वर्गीकरण शिकावे लागते. लोकभाषेला त्याची गरज पडली नाही. उडणारे, बारीक, त्रासदायक ते सारे तिने एकाच नावात बसवले.