जन्मभूमीतल्या पाच मानांकन स्पर्धा

ऑक्टोबर २०१३ मध्ये नवी दिल्लीत ‘इंडियन ओपन’ ही व्यावसायिक स्नूकरची मानांकन स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा या खेळाच्या जन्माला सुमारे १३८ वर्षे झाली होती आणि तो जन्म भारतातच झाला होता. जिथे खेळ घडला तिथे त्याचा व्यवसाय पोहोचायला इतका काळ का लागला आणि पोहोचल्यावर तो पाच स्पर्धांपलीकडे का टिकला नाही, हे समजून घेण्यासाठी जबलपूरपासूनच सुरुवात करावी लागते.

नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतातल्या जबलपूरच्या छावणीत १८७५ च्या पावसाळ्यात ब्रिटिश लष्करी अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर ‘ब्लॅक पूल’ नावाचा, पैजेचा खेळ खेळत असत. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने त्यात पंधरा लाल चेंडूंच्या जोडीला निरनिराळ्या रंगांचे चेंडू आणले आणि प्रत्येक रंगाला वेगळे गुण दिले. वुलिच येथील लष्करी अकादमीतल्या नवख्या छात्राला त्या काळी ‘स्नूकर’ म्हणत, आणि सोपा चेंडू हुकवणाऱ्या सोबत्याला चेंबरलेनने तेच नाव दिले, असे त्याने स्वतः उतारवयात नोंदवले आहे. पुढे तो मद्रास सेनेचे सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या दिमतीला गेला, उन्हाळ्यात उटीला राहू लागला, आणि तिथल्या क्लबच्या बिलियर्ड्स दालनात या खेळाचे नियम लिहून लावले गेले. इंग्लंडचा नामांकित बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स (धाकटा) याने कलकत्त्यात चेंबरलेनची गाठ घेऊन हा खेळ मायदेशी नेला, असे सांगितले जाते.

भारतात मात्र स्नूकर दीर्घकाळ क्लबच्या दारांआडच राहिला. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा टेबलासाठी मोठे दालन लागते, त्यावरचे लोकरी कापड जपावे लागते, आणि हे सारे जिमखान्यांनाच परवडत असे. त्यामुळे जो सभासद तोच खेळाडू, आणि खेळातून पोट भरण्याचा विचार त्या वातावरणाला परकाच होता. या हौशी परंपरेने दिलेले खेळाडू लहान नव्हते, हे ठामपणे सांगायला हवे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातला पहिला वैयक्तिक विश्वविजेता लाभला. हौशी स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धाही १९६३ मध्ये कलकत्त्यातच झाली, आणि १९८४ मध्ये ओम अगरवाल यांनी डब्लिनमध्ये तिचे विजेतेपद मिळवले. उणीव होती ती खेळावर जगता येईल अशा व्यवस्थेची.

ती व्यवस्था इंग्लंडमध्ये उभी राहिली. १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा जो डेव्हिस यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या हाती आलेली रक्कम अगदी किरकोळ होती. पुढे १९६९ पासून रंगीत दूरचित्रवाणीने या रंगीत चेंडूंना घरोघरी नेले, आणि १९७६ मध्ये आधीच्या तीन जागतिक स्पर्धांतील कामगिरीवरून खेळाडूंची पहिली क्रमवारी लावण्यात आली, जिच्या शिरोभागी वेल्सचे रे रीअर्डन होते. १९८२ पर्यंत मानांकनासाठी जागतिक स्पर्धा तेवढी मोजली जाई. त्या वर्षापासून इतर स्पर्धांनाही गुण मिळू लागले आणि ‘मानांकन स्पर्धा’ ही संज्ञा रूढ झाली. मानांकन स्पर्धा म्हणजे जिचा निकाल खेळाडूच्या जागतिक क्रमांकात धरला जातो अशी स्पर्धा. हा क्रमांक मानापुरता नसतो: पहिल्या सोळांना निवडक स्पर्धांची दारे आपोआप उघडतात, आणि पहिल्या चौसष्टांबाहेर घसरलेल्या खेळाडूचे व्यावसायिक दौऱ्यावरचे स्थानच धोक्यात येते. २०१४-१५ च्या मोसमापासून तर क्रमवारी थेट दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या पौंडांवर ठरू लागली.

दिल्लीच्या पहिल्या स्पर्धेत मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत गेला, आणि मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय ठरला. उपांत्य सामन्यात त्याने स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला हरवले होते. पाच फ्रेम आधी जिंकणाऱ्याच्या त्या अंतिम सामन्यात (फ्रेम म्हणजे टेबलावर सारे चेंडू नव्याने मांडून खेळला जाणारा एक डाव) चीनच्या डिंग जुनह्वीने त्याला एकही फ्रेम घेऊ दिली नाही. डिंग त्या मोसमात पाच मानांकन विजेतेपदे मिळवून स्टीफन हेंड्रीच्या विक्रमाला गाठणार होता, त्यामुळे ५-० हा आकडा मेहताच्या वाटचालीला कमी लेखण्याचे कारण ठरू नये. पुढच्याच वर्षी जर्मनीतील पॉल हंटर क्लासिकमध्ये त्याने १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक केला, म्हणजे पंधराही लाल चेंडूंनंतर दर वेळी सात गुणांचा काळा चेंडू आणि शेवटी सहाही रंग, असे सगळे एकाच पाळीत न चुकता पॉकेटमध्ये घातले.

दुसरी स्पर्धा मुंबईत ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हायची होती, पण निवडणुकीच्या तारखांशी ती भिडल्याने पुढे गेली आणि मार्च २०१५ मध्ये भरली. वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला ५-० असे हरवून तिथे आपले पहिले मानांकन विजेतेपद आणि ५०,००० पौंड मिळवले. अशा स्पर्धेचे टेबल जवळून पाहिले, तर व्यवसाय आणि क्लब यांतले अंतर स्पष्ट होते. कापडाखाली स्लेटच्या जड दगडी फरशा असतात आणि त्यांच्याखालून विजेची ऊब दिली जाते, कारण दमट हवेत कापड ओलावा धरते, चेंडू जड चालतो आणि रबरी कडांवरून उसळण्याचा कोन बदलतो. कापडाची लव खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे झुकलेली असते, म्हणून उलट दिशेने हळू येणारा चेंडू बारीकशी वाट सोडतो, आणि कसलेला खेळाडू ती सूट आधीच मनात धरून क्यू टेकवतो. पावसाळी जबलपुरात जन्मलेला हा खेळ हवेतल्या ओलाव्याला इतका नाजूक आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या मुलाचा सराव सादळलेल्या कापडावर झाला आहे, त्याला स्थानिक खेळाडू म्हणून थेट प्रवेश मिळाला तरी या टेबलाचा वेग ओळखेपर्यंतच सामना हातचा जातो.

त्यानंतर स्पर्धा गावोगाव फिरली. २०१६ मध्ये हैदराबादला अँथनी मॅकगिलने कायरेन विल्सनला, तर २०१७ मध्ये विशाखापट्टणमला जॉन हिगिन्सने मॅकगिलला हरवले. २०१८ मध्ये ती झालीच नाही. पाच स्पर्धांना पाच वेगळी शहरे लाभली, एकाही शहरात ती दुसऱ्यांदा गेली नाही, आणि तिच्या अल्पायुष्याचे हे एक मोठे कारण मानावे लागते. शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धा १९७७ पासून दरवर्षी होत आली, शांघायने आपली स्पर्धा २००७ पासून आपल्याच शहरात रुजवली; तिथला प्रेक्षक वर्षाचा तो आठवडा राखून ठेवायला शिकला, आणि मुले आपल्या खेळाडूंना वर्षानुवर्षे त्याच टेबलावर पाहत मोठी झाली. भारतात दर खेपेस नवे शहर, नवी व्यवस्था आणि नवा प्रेक्षक घडवावा लागला, आणि तो घडेपर्यंत टेबले उलगडून हलवली गेलेली असत.

पाचवी स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीअखेर कोचीत सुरू झाली. २००२ पासून व्यावसायिक असलेल्या इंग्लंडच्या मॅथ्यू सेल्टने ३ मार्चला चीनच्या ल्यू हाओतियानवर ५-३ अशी मात करून आपले पहिले मानांकन विजेतेपद मिळवले, आणि पुढच्या मोसमाच्या वेळापत्रकात इंडियन ओपनचे नाव आले नाही.